तक्रारखोर प्रवासी, प्रमाण १:८७

जगातील सर्व रेल्वेमार्गांमध्ये केवळ मॉडेल रेल्वे हीच अशी रेल्वे होती, की जिच्याविरुद्ध एकाही प्रवाशाने कधी तक्रार नोंदवली नव्हती, आणि याचे श्रेय तिच्या कारभाराला द्यावे असे कितीही वाटले तरी खरे कारण एवढेच होते की तिला प्रवासीच नव्हते. फलाटावर माणसे दिसत, नाही असे नाही. परंतु ती जर्मनीच्या प्रायझर कंपनीने किंवा तिच्यासारख्याच कोणी घडवलेली, दोन सेंटिमीटर उंचीची प्लॅस्टिकची माणसे असत, आणि त्यांचे पाय फलाटाला चिकटवलेले असल्यामुळे गाडी पुढ्यात येऊन थांबली तरी ती चढत नसत आणि आठवडाभर गाडी आली नाही तरी स्टेशनमास्तरच्या खोलीवर मोर्चा नेत नसत. डब्यांत बसवलेल्या मंडळींची स्थिती याहून नाजूक असे: बाकांमधली जागा पुरत नाही म्हणून त्यांचे पाय गुडघ्यापासून, प्रसंगी कमरेपासून, कापून टाकण्याची रीत या छंदात रूढ आहे, आणि ज्याला पायच नाहीत त्याच्याकडून पाय ठेवायला जागा नसल्याचे गाऱ्हाणे येण्याचा संभव नसतो. अशा या रेल्वेचे मालक, महाव्यवस्थापक, इंजिनचालक, सांधेवाला आणि गार्ड ही सगळी पदे एकच गृहस्थ भूषवीत असत, आणि वक्तशीरपणाचा प्रश्न उद्भवलाच तर घड्याळाचे काटे मागेपुढे करण्याचा अधिकारही त्यांच्याचकडे असे.

या निर्वेध संस्थानात बिनतारी कॅमेऱ्याचा शिरकाव झाला आणि कारभाराची घडी विस्कटली. बिनतारी कॅमेरा म्हणजे भिंग, भिंगातून आलेल्या प्रकाशाचे विजेच्या संकेतांत रूपांतर करणारी चिप आणि ते संकेत रेडिओलहरींवरून दूर धाडणारा प्रेषक अशा तिघांचा एकत्र संसार असून, आज तो जेमतेम दोन सेंटिमीटरांच्या जागेत मांडता येतो. हा कॅमेरा इंजिनाच्या नाकावर बसवला आणि टेबलावरच्या पडद्यावर चित्र उमटू लागले की मालक आपल्याच रेल्वेतून प्रथमच प्रवास करू लागतो, इथवरचा भाग जाहिरातीत दिलेला असतो. परंतु गाडीत एकदा खराखुरा प्रवासी बसला की तो प्रवाशासारखाच वागणार, म्हणजे पहिल्याच फेरीत तक्रारवही मागणार, हा भाग जाहिरातीत नसतो.

पुढील विवेचनासाठी प्रमाण ही संज्ञा नीट समजून घेणे इष्ट आहे. खऱ्या वस्तूच्या मापाला ज्या संख्येने भागून प्रतिकृती घडवली जाते त्या संख्येवरून तिचे प्रमाण ठरते. जगभर सर्वाधिक रूढ असलेल्या एचओ नावाच्या प्रमाणात ही संख्या ८७ आहे, एन नावाच्या प्रमाणात ती बहुधा १६० असते, आणि मार्कलिन या जर्मन कंपनीने १९७२ मध्ये बाजारात आणलेल्या झेड प्रमाणात ती २२० पर्यंत जाते, ज्यात घसरलेला डबा शोधण्यासाठी चष्मा आणि उचलण्यासाठी चिमटा लागतो. युरोप-अमेरिकेतील बहुतेक रुळांमधले १४३५ मिलिमीटर अंतर ८७ ने भागले की एचओचे १६.५ मिलिमीटर येतात. भारतीय छांदिष्टांची मात्र येथे कोंडी होते, कारण आपल्या ब्रॉडगेज रुळांमधले अंतर १६७६ मिलिमीटर असल्यामुळे त्यांना खरे तर १९ मिलिमीटरांहून थोडे अधिक अंतर हवे असते, आणि तयार मिळतात ते १६.५ चेच रूळ. तेव्हा भारतीय रंगरूपाचे इंजिन परदेशी रुळांवर चालवून ही तफावत डोळ्यांआड केली जाते. वरून पाहणाऱ्याला ती जाणवत नाही. कॅमेरा मात्र रुळांच्या बरोबर मध्ये बसून समोर पाहत असल्याने त्याला दुसरे काही दिसतच नाही.

गाडीच्या नाकावर डोळा बसवण्याची हौस नवी नाही. सिनेमा बाल्यावस्थेत असताना, १८९७ मध्ये, अमेरिकन म्युटोस्कोप कंपनीने हडसन नदीकाठच्या हॅव्हरस्ट्रॉ बोगद्यातून जाणाऱ्या इंजिनाच्या पुढच्या टोकावरून चित्रण केले, आणि त्यानंतर अशा चित्रफितींची इतकी लाट उसळली की त्यांना ‘फँटम राइड’, म्हणजे भुताची सफर, असे स्वतंत्र नाव पडले. प्रेक्षकाला समोरचे रूळ धावत येताना दिसत, पण गाडी दिसत नसे. पुढे कॅन्सस सिटीच्या अग्निशमन दलाचे माजी प्रमुख जॉर्ज हेल यांनी १९०५ च्या सुमारास चित्रपटगृहालाच रेल्वेच्या डब्याचा आकार दिला, बाके हलवण्याची आणि शिट्टी वाजवण्याची सोय केली, दारात गणवेशातला तिकीट तपासनीस उभा केला, आणि कोठेही न जाणाऱ्या गाडीचे तिकीट लोकांना विकून दाखवले. आग विझवण्यात हयात घालवलेल्या गृहस्थाला हे सुचावे याचे आश्चर्य वाटते खरे, परंतु आग नसलेल्या दिवशी अग्निशमन केंद्रात विचार करण्यास पुष्कळ वेळ मिळत असला पाहिजे.

खेळण्यातील इंजिनाला डोळा मिळण्यास मात्र १९८० च्या दशकाची अखेर उजाडावी लागली. अमेरिकेतील लायनेल या जुन्या खेळणी-कंपनीने तेव्हा ‘रेलस्कोप’ नावाचे इंजिन बाजारात आणले, ज्याच्या पोटात कृष्णधवल कॅमेरा बसवलेला होता आणि ज्याचे चित्र हवेतून नव्हे तर खुद्द रुळांतून वाहत दूरचित्रवाणी संचापर्यंत पोहोचत असे. कल्पना बुद्धिमान होती यात शंका नाही. पण रूळ हे धूळ, तेल आणि चाकांच्या घर्षणातून सुटलेला काळा मळ यांचेही वाहक असल्यामुळे, रूळ पुसलेले नसले की पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांची बरसात सुरू होई आणि भर उन्हाळ्याच्या देखाव्यातून निघालेली गाडी टीव्हीवर पौष महिन्यातल्या हिमालयात पोहोचलेली दिसे. शिवाय कॅमेऱ्याला लागणारी ९ व्होल्टची बॅटरी इतक्या लवकर मान टाकी की लांबचा प्रवास म्हणजे शेजारच्या खोलीपर्यंतचा प्रवास, अशी व्याख्या करणे भाग पडे.

बिनतारी कॅमेऱ्याने रुळांवरचे हे अवलंबित्व संपवले, असे सांगितले जाते; वस्तुतः त्याने ते फक्त दुसऱ्या खात्यात वर्ग केले. वीज कोठून आणायची हा पहिला प्रश्न. बॅटरी न्यायची तर ९ व्होल्टची ठोकळ्याच्या आकाराची बॅटरी एचओच्या जगात सव्वाचार मीटर लांबीची भरते, तेव्हा तिच्यासाठी मागे स्वतंत्र वाघीण जोडावी लागते आणि वर कोळशाचे खडे पसरून तो कोळसा असल्याचे भासवावे लागते. रुळांतूनच वीज घ्यायची, तर आजच्या डीसीसी पद्धतीत, म्हणजे रुळांत सतत वीज खेळती ठेवून तिच्यातूनच प्रत्येक इंजिनाला वेगवेगळ्या आज्ञा धाडण्याच्या पद्धतीत, ती सोय आहे; मात्र चाक सांध्यावरून जाताना क्षणभर संपर्क तुटतो आणि तेवढ्यात कॅमेरा बेशुद्ध पडतो, म्हणून त्याला कपॅसिटर, म्हणजे चांगल्या दिवसांत थोडी वीज बाजूला ठेवून अडचणीत परत देणारा अल्पबचतीचा घटक, जोडावा लागतो. त्यातून इंजिन पितळी असेल तर धातूचे कवच रेडिओलहरींना बाहेर पडू देत नाही, आणि अँटेनासाठी छिद्र पाडायचे तर पितळी इंजिन हे या छंदातले सोनेनाणे असल्यामुळे ड्रिल हातात घेतलेल्या मालकाचा हात जो थांबतो तो दिवाळीनंतरच पुन्हा हलतो.

दुसरा प्रश्न लहरींचा. स्वस्त कॅमेरे बहुधा २.४ गिगाहर्ट्झ या पट्ट्यात बोलतात, म्हणजे सेकंदाला २४० कोटी आंदोलने होणाऱ्या लहरींवर. दुर्दैवाने घरातला वाय-फाय आणि मायक्रोवेव्ह ओव्हन यांचीही वस्ती त्याच आळीत असल्यामुळे, स्वयंपाकघरात कोणी कालची आमटी गरम करू लागले की घाटातली गाडी आंधळी होते. ड्रोनवाल्यांच्या कृपेने आता ५.८ गिगाहर्ट्झचे अगदी हलके कॅमेरे मिळू लागले आहेत आणि त्यांचे चित्र विनाविलंब येते. परंतु दोन छांदिष्ट एकाच खोलीत एकाच चॅनेलवर आले तर ज्याचा संकेत प्रबळ त्याचे चित्र दोघांनाही दिसते, आणि मग आपल्या पडद्यावर समोरून भरधाव येणारे इंजिन हे आपलेच आहे, हे ध्यानात येईपर्यंत मालक मोठ्या निष्ठेने चुकीच्या गाडीचा ब्रेक दाबून बसलेला असतो.

वाय-फाय कॅमेऱ्यांचे चित्र याउलट स्वच्छ असते, पण ते उशिरा येते. प्रत्येक चित्र दाबून लहान करणे, त्याचे तुकडे पाठवणे आणि पलीकडे ते पुन्हा जुळवणे यांत अर्धा सेकंद सहज जातो, आणि हा अर्धा सेकंद कमी वाटत असला तरी त्याचे गणित मांडून पाहावे. ताशी १०० किलोमीटर हा वेग ८७ ने भागला तर सेकंदाला सुमारे ३२ सेंटिमीटर होतो. म्हणजे पडद्यावर जे दिसते त्याच्या १६ सेंटिमीटर, अर्थात खऱ्या मापाने १४ मीटर, पुढे गाडी पोहोचलेली असते. लाल सिग्नल दिसतो तेव्हा तो ओलांडून झालेला असतो. मार्गाच्या अखेरचा अडथळा पडद्यावर प्रकट होतो तेव्हा कॅमेरा जमिनीवर पडलेला असून, अडथळा सुखरूप असल्याचे ते जुने चित्र मात्र अतिशय सुस्पष्ट दिसते.

आता तक्रारींकडे वळावे, कारण या विषयाचा खरा ऐवज तेथे आहे. मॉडेल रेल्वेच्या कारागिरीत पिढ्यान्‌पिढ्या ‘तीन फुटांचा नियम’ पाळला गेला आहे: तीन फुटांवरून जे बरे दिसते ते बरे मानावे, आणि त्याहून जवळ येणाऱ्या पाहुण्याला चहा विचारावा. संपूर्ण मांडणी, जिला छांदिष्टांच्या परिभाषेत लेआउट म्हणतात, ही अशा रीतीने टेबलाशेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेसाठी रचलेली असते, आणि हा माणूस त्या जगाच्या मापाने १४८ मीटर उंच असतो. छपरे, झाडांचे शेंडे आणि डब्यांचे टप यांवर जीव ओतलेला असतो. कॅमेऱ्याने मात्र डोळा रुळांपासून ३४ मिलिमीटरांवर, खऱ्या इंजिनचालकाच्या डोळ्याच्या जागी, आणून ठेवला. तेथून छपरे दिसत नाहीत, वळचणी दिसतात, आणि वळचणीखाली घराला भिंत लावायचीच राहून गेली आहे हेही दिसते. भिंग चिमुकले असल्यामुळे जवळच्या आणि दूरच्या वस्तू एकाच वेळी रेखीव दिसतात, हा एरवी गुण मानला जातो. येथे त्याचा परिणाम असा की कोणताही दोष धूसरतेच्या आश्रयाला जाऊ शकत नाही. काही अनुभवी मंडळी मुद्दाम हलक्या प्रतीचे कॅमेरे वापरतात, यामागे काटकसर असते असा लोकांचा समज आहे.

रुळांच्या जोडातली एक मिलिमीटरची फट ही प्रवाशाच्या दृष्टीने जवळजवळ ९ सेंटिमीटरची खाच असते आणि तिच्यावरून जाताना पडद्यावरचे क्षितिज दचकते. माणसाचा गळलेला केस मार्गात आडवा पडला असेल तर तो सहा मिलिमीटर जाडीचा, कोणीतरी घातपाताच्या हेतूने बांधलेला दोर वाटतो. मुंगी फूटभर लांब असते आणि नियमाप्रमाणे फाटक सोडून भलत्याच ठिकाणी रूळ ओलांडते. वळणांची कथा आणखी वेगळी. आठ बाय चार फुटांच्या प्लायवूडवर बसणारे नेहमीचे वळण १८ इंच त्रिज्येचे, म्हणजे खऱ्या मापाने ४० मीटर त्रिज्येचे असते, तर भारतीय ब्रॉडगेजवर १७५ मीटरांहून लहान त्रिज्येचे वळण चालत नाही. परिणामी इंजिनाचे नाक वळणाच्या बाहेर डोकावते, रूळ चित्रातून एका बाजूला निसटतात, आणि डोंगरदऱ्यांच्या जागी कपाटाचे हँडल, कॅलेंडरवरचा गणपती आणि मालकाचे पोट अशी दृश्ये क्रमाने सरकू लागतात. पोटावरचे बटण मीटरभर व्यासाचे असते. ते उगवते, मावळते, आणि पुढच्या फेरीला पुन्हा उगवते.

सर्वाधिक तक्रारी अर्थातच बोगद्याविषयी येतात. बोगदा हा मॉडेल रेल्वेचा अडगळीचा माळा आहे. त्याच्या दोन्ही तोंडांशी चार बोटे दगडी बांधकाम कोरलेले असते आणि आत उघडे प्लायवूड, लोंबत्या तारा, वाळलेल्या डिंकाचे ओघळ आणि मागच्या अपघातानंतर बेपत्ता घोषित केलेली वाघीण असा ऐवज असतो. कॅमेऱ्याला छोटा दिवा जोडला की हे सगळे उजेडात येते. गाडी दर फेरीला बोगद्यात किंचित अडखळते तेव्हा मालकाच्या मनात शंकेची पाल चुकचुकत असते, आणि आपल्याकडच्या घरांत कॅमेरा आत गेल्यावर ती पाल तेथे प्रत्यक्ष बसलेली आढळते. घरातली ११ सेंटिमीटरांची पाल या प्रमाणात साडेनऊ मीटर भरते. दिव्याच्या झोतात आधी शेपूट दिसते, मग रुळावर टेकलेला पाच बोटांचा पंजा, मग धपापणारी फिकट कूस, आणि अखेरीस एक न मिटणारा डोळा, ज्यात येणाऱ्या इंजिनाचे दोन दिवे स्वच्छ उमटलेले असतात. रुळावर गुरे किंवा हत्ती आल्यास काय करावे याविषयी खऱ्या रेल्वेत सूचना असतात. साडेनऊ मीटर लांबीच्या सरपटणाऱ्या प्राण्याची तरतूद कोणत्याच नियमावलीत नसल्यामुळे मालक हात आखडून बसतो, पाल मात्र वेळापत्रक पाठ असल्याप्रमाणे शेवटच्या क्षणी दोन पावले बाजूला सरते आणि गाडी गेल्यावर पुन्हा मूळ जागी येते, असे पुढच्या फेरीत दिसून येते.

या तक्रारींवर मालकाची प्रतिक्रिया अभ्यासण्यासारखी असते, कारण आयुष्यभर रेल्वे प्रशासनाला नावे ठेवणारा हा गृहस्थ त्या घटकेपासून हुबेहूब रेल्वे प्रशासनासारखा वागू लागतो. पहिल्या टप्प्यात तो तक्रार अमान्य करतो आणि दोष कॅमेऱ्याचा असल्याचे जाहीर करतो. दुसऱ्यात तक्रारीची दखल घेतल्याचे सांगतो. तिसऱ्यात तो भाग देखभालीसाठी अनिश्चित काळ बंद ठेवतो. भारतीय रेल्वेत अधिकाऱ्यांनी गाडीच्या शेवटच्या डब्याच्या मागील खिडकीशी बसून मागे पळणारा मार्ग न्याहाळण्याची पद्धत आहे, तिला ‘विंडो ट्रेलिंग’ निरीक्षण म्हणतात, आणि मार्गावरून दररोज पायी चालून सैल झालेल्या चाव्या ठोकणारा चावीवाला वेगळाच असतो. मॉडेल रेल्वेत कॅमेरा शेवटच्या वाघिणीवर उलट्या तोंडाने बसवला की नेमके हेच निरीक्षण करता येते, आणि चावीवाल्याच्या जागी मालक स्वतः आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेली चिंधी घेऊन रुळांशेजारी रांगतो. फरक एवढाच की चावीवाल्याला पगार मिळतो.

या छळाचा एक फायदा नमूद करणे न्याय्य ठरेल. ज्या कोपऱ्यात पार्श्वभूमीचे दोन फळे जुळतात तेथे आकाशाला उभी चीर पडलेली असते, आणि कॅमेऱ्याने ती दाखवल्यानंतर अनेक मालक तेथे वाकलेला पातळ पत्रा बसवून आकाश सलग करतात. बोगद्यांना आतून प्लास्टरचे ओबडधोबड कातळ लाभतात. घरांना मागच्या भिंती मिळतात, आणि क्वचित मागच्या दारी वाळत घातलेले कपडेही. हे सारे बाहेर उभ्या असलेल्या कोणालाही दिसत नाही. दिसते ते केवळ प्रवाशाला, आणि अशा अदृश्य जागी केलेल्या कामाचा दर्जा उघड्यावर केलेल्या कामापेक्षा बरेचदा सरस असतो.

याचा सर्वांत मोठा दाखला हॅम्बुर्ग शहरात आहे. तेथील जुन्या गोदामांच्या वस्तीत फ्रेडरिक आणि गेरिट ब्राउन या जुळ्या भावांनी २००१ मध्ये ‘मिनियाटुअर वुंडरलँड’ हे एचओ प्रमाणातले जग लोकांसाठी खुले केले. आज तेथे हजारांहून अधिक गाड्या आणि दोन लाखांहून अधिक चिमुकली माणसे असून, २०११ पासून विमाने उडवणारा विमानतळही आहे. २०१६ च्या आरंभी गूगलने रस्त्यांची छायाचित्रे घेणारी आपली मोटार या जगाच्या मापाने लहान करून घेतली आणि इवल्याशा वाहनांवर कॅमेरे बसवून तेथील रस्त्यांवरून व रुळांवरून फिरवले, त्यामुळे घरबसल्या कोणालाही त्या गल्ल्यांत शिरता येऊ लागले. एरवी गूगलची मोटार दारावरून गेली की जर्मन नागरिक आपले घर चित्रात अस्पष्ट करून मागतात, अशी त्यांची ख्याती आहे. या दोन लाख रहिवाशांपैकी एकानेही तशी मागणी केली नाही. हॅम्बुर्गच्या कारागिरांना कॅमेऱ्याची धास्ती वाटण्याचे कारणही नव्हते, कारण त्यांनी घरांच्या मागे आणि झुडपांच्या आड मिश्कील प्रसंग आधीच दडवून ठेवले होते. तक्रार करायला निघालेला प्रवासी तेथे हसत परत येतो, आणि जगभरच्या आठ बाय चार फुटांवाल्या मालकांना त्याचा मनस्वी हेवा वाटतो.

तरीही कॅमेऱ्याची बाजू किती ताणावी याला मर्यादा आहे. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांच्या चिकाटीतून उभे राहिलेले आणि १९९८ मध्ये खुले झालेले मिनिएचर रेल्वेचे संग्रहालय ज्यांनी पाहिले आहे त्यांना माहीत असते, की खोलीतले दिवे मंद होऊन चिमुकल्या शहराचे दिवे लागतात, एक गाडी पुलावरून आणि दुसरी त्याच पुलाखालून एकाच क्षणी जाते, आणि तिसरी सिग्नलशी थांबून दोघींना वाट देते, तेव्हा होणारा आनंद हा निखळ वरून पाहणाऱ्याचा आनंद असतो. प्रवाशाला यातले काहीही दिसत नाही. त्याला एक पूल दिसतो, किंवा एका पुलाचा खांब दिसतो. रेल्वेच्या वेळापत्रकातली सारी शोभा जो कोणत्याच गाडीत बसलेला नाही त्यालाच कळते, आणि मालकाने ही गादी सोडून स्वतःहून तिसऱ्या वर्गात जाऊन बसावे हा त्याचा मनाचा मोठेपणा तरी म्हणावा किंवा हौसेचा अतिरेक तरी.

अतिरेकाची शंका चित्रण नातेवाइकांना दाखवण्याच्या वेळी बळावते. २००९ मध्ये नॉर्वेच्या सरकारी दूरचित्रवाणीने बर्गन ते ओस्लो हा सात तासांहून अधिक काळाचा रेल्वेप्रवास जसाच्या तसा प्रक्षेपित केला आणि लाखो लोकांनी तो पाहिला, ही गोष्ट छांदिष्टांना नेमकी ठाऊक असते. त्यांना विसर पडतो तो एवढ्याचाच की बर्गन ते ओस्लो या मार्गावर ओस्लो एकदाच येते. आठ बाय चार फुटांच्या फळीवरचा लंबवर्तुळाकार मार्ग साधारण साडेपाच मीटर भरतो, आणि मघाच्या हिशेबाने ताशी १०० किलोमीटरच्या गाडीला तो पुरा करण्यास सतरा सेकंद लागतात. म्हणजे तेच स्टेशन, तीच छत्रीवाली बाई आणि तोच उजवा हात वर केलेला स्टेशनमास्तर दर सतरा सेकंदांनी समोर येतो, आणि दहा मिनिटांच्या चित्रणात प्रेक्षकाचा त्या बाईशी चांगलाच घरोबा होतो. मूळ चित्रणातला आवाज तर ठेवताच येत नाही, कारण त्यात पंख्याची घरघर, कुकरच्या तीन शिट्ट्या आणि ‘जेवायला चला’ अशी वाढत्या पट्टीतली हाक एवढेच असते. त्याऐवजी खऱ्या डिझेल इंजिनाचे ध्वनिमुद्रण जोडले जाते, आणि गाडी स्टेशनात उभी असतानाही ते इंजिन पूर्ण वेगाने धावत राहते.

प्रवास लांबल्याचा भास व्हावा म्हणून काही कल्पक मालक गाडी बोगद्यात असताना स्टेशनाची पाटी बदलण्याची व्यवस्था करतात. या कामावर बहुधा सुट्टीत आलेल्या भाच्याची नेमणूक होते, त्याच्या हाती कर्जत, खंडाळा आणि लोणावळा अशा तीन पाट्या दिल्या जातात, आणि गाडी दिसेनाशी झाल्यापासून पुन्हा दिसेपर्यंतच्या सहा-सात सेकंदांत त्याने जुनी पाटी उपसून नवी रोवायची असते. पहिला दोष असा आढळतो, की खंडाळ्याच्या फलाटावर आकाशातून उतरलेला पंधरा मीटरांचा हात चित्रात राहून जातो. दुसरा दोष लोणावळ्याला राहणाऱ्या आतेभावाच्या लक्षात येतो: लोणावळ्यानंतर गाडी थेट कर्जतला लागली, तीही घाट न उतरता आणि त्याच दिशेने पुढे जात असताना, हे कसे, असे तो चहाचा कप खाली ठेवून विचारतो. मालक ही तक्रार लिहून घेतो, कॅमेरा, सांधे, सिग्नल आणि वेळापत्रक यांची क्रमाने तपासणी करतो, प्रत्येक यंत्रणा सुस्थितीत असल्याचे त्याला आढळते, आणि चौकशीअंती ठपका भाच्यावर ठेवण्यात येतो.